बादली कोणी उचलायची?

स्वीडनच्या उत्तर टोकाला, आर्क्टिक वर्तुळाच्याही दीडशे किलोमीटर वर, चेक्त्या नावाची एक डोंगरझोपडी आहे. अबिस्कोपासून हेमावानपर्यंत सुमारे ४४० किलोमीटर जाणारी 'कुंगस्लेडेन' नावाची पायवाट आहे, तिच्यावरची ही झोपडी. कुंगस्लेडेन म्हणजे राजाची वाट. अबिस्कोहून दक्षिणेकडे चालत निघालं की बहुतेक जण तिसऱ्या दिवशी चेक्त्याला पोचतात. उंची समुद्रसपाटीपासून साधारण हजार मीटर, म्हणजे आपल्या सिंहगडाहून कमी. पण इथे एकही झाड नाही. दगड, शेवाळं, ओढे आणि ऑगस्टमध्येही उतारांवर चिकटून राहिलेले बर्फाचे पट्टे. 'झोपडी' हा शब्द तिच्या भक्कम लाकडी भिंतींवर अन्याय करतो आणि 'लॉज' म्हटलं तर ते खोटं होईल. वीज नाही, नळ नाही, मोबाइलला रेंज नाही, संडास बाहेर.

या झोपडीच्या स्वयंपाकघरात दोन प्रकारच्या बादल्या असतात. एक स्वच्छ पाण्याची. ती खाली ओढ्यावर उतरून भरायची आणि चढ चढून वर आणायची. दुसरी खरकट्या पाण्याची. भांडी विसळलेलं पाणी, पास्त्याचं पाणी, चहाचा चोथा, दात घासून टाकलेली चूळ, सगळं तिच्यात. स्वीडिशमध्ये याला 'स्लास्क' म्हणतात. ती भरली की बाहेर, ठरवून दिलेल्या जागी नेऊन ओतायची. हा लेख या दुसऱ्या बादलीबद्दल आहे.

आम्ही सहा जण होतो, तीन मराठी जोडपी. तिसऱ्या संध्याकाळी चिखलाने माखून चेक्त्याला पोचलो, जेवलो आणि मी ताट विसळायला गेलो तर स्लास्कची बादली काठोकाठ भरलेली. मी ताट बाजूला ठेवलं आणि बाकावर येऊन बसलो. थोड्या वेळाने झोपडीची देखभाल करणाऱ्या बाई आत आल्या. या कामाला 'स्टुगवार्ड' म्हणतात. बाई सत्तरीच्या असाव्यात. मी अगदी सौजन्याने त्यांना म्हणालो, "बादली भरली आहे."

त्या म्हणाल्या, "हो, दिसतंय. कुठे ओतायची ते तुला माहीत आहे ना?"

स्वीडिशमध्ये सगळेच सगळ्यांना 'तू' म्हणतात, त्यामुळे त्यात अपमान नव्हता. टोमणाही नव्हता. मला जागा माहीत नसावी एवढंच त्यांना वाटलं. बादली दिसूनही माणूस बसून राहतो याचं दुसरं कारण त्यांना सुचत नव्हतं. मला मात्र दुसरं कारण नेमकं माहीत होतं. मी वाट बघत होतो. कोणाची, ते मी स्वतःलाही विचारलं नव्हतं.

तीन दिवसांनी आम्ही केब्नेकाइसेच्या डोंगरस्थानकावर पोचलो. तिथे वीज आहे, गरम पाण्याचे शॉवर आहेत, उपाहारगृह आहे, पगारी कर्मचारी आहेत. जेवण कोणीतरी शिजवलं, टेबल कोणीतरी पुसलं आणि तिथे बसून आमच्यातल्या एकाने मित्रमंडळींसाठी मजकूर लिहून मोठ्याने वाचून दाखवला. तुम्ही तो मजकूर वाचलेला आहे. ट्रेक वेगळा, देश वेगळा, मजकूर तोच. 'काय ती शिस्त! कोणी सांगत नाही, कोणी ओरडत नाही, प्रत्येक जण आपापलं काम करतो. लाकडं फोडा, पाणी आणा, जाताना खोली झाडून जा. हे यांच्या रक्तातच आहे. आपल्याकडे हे कधी येणार?'

आम्ही माना डोलावल्या. माझी बायको म्हणाली, "एक सांगा. या पाच मुक्कामांत तुम्ही तिघांनी मिळून स्लास्कची बादली किती वेळा उचलली?"

हिशेब झाला. एकूण दोनदा. त्यातली एक माझी, सांगितल्यावर उचललेली. लाकडं मात्र आम्ही भरपूर फोडली होती. कुऱ्हाडीसाठी आमच्यात रांग असायची. ओढ्याचं पाणीही आणलं होतं. त्या दोन्ही कामांचे फोटो आहेत.

*

माझं भांडण 'शिस्त' या शब्दाशी आहे. मराठी प्रवासवर्णनांतला हा सगळ्यात आळशी शब्द आहे. तो कौतुकासारखा दिसतो, पण काम करतो पळवाटेचं. एखादी गोष्ट 'त्यांच्या रक्तात' आहे म्हटलं की ती कशी घडली हे शोधावं लागत नाही आणि 'आपल्या रक्तात' नाही म्हटलं की ती आपल्याला करावी लागत नाही. कौतुक करणारा दोन्हीकडून मोकळा.

म्हणून आधी ही झोपडी चालते कशी ते पाहू. कुंगस्लेडेनवरच्या बहुतेक झोपड्या 'स्वीडिश पर्यटन संघा'च्या आहेत. हा संघ १८८५मध्ये उप्सालाच्या विद्यापीठातल्या मंडळींनी काढला. चेक्त्यासारख्या झोपडीत वीसेक माणसांची झोपायची सोय असते आणि सांभाळायला एक किंवा दोन स्टुगवार्ड. हे हॉटेलचे व्यवस्थापक नव्हेत. काही आठवड्यांपुरते येतात, बरेचसे निवृत्त लोक असतात. पैसे घेणं, हवामानाचा अंदाज फळ्यावर लिहिणं, पूल वाहून गेलाय का ते सांगणं, कोणी जखमी झालं तर आणीबाणीच्या फोनवरून मदत बोलावणं, हे त्यांचं काम. सरपण आणि गॅसच्या टाक्या उन्हाळ्यात येऊच शकत नाहीत, कारण रस्ता नाही. त्या हिवाळ्यात बर्फावरून स्नोमोबिलने आणून ठेवाव्या लागतात. पाहुण्यांचा कचरा झोपडी घेत नाही. जे पाठीवर आणलं ते पाठीवरच परत न्यायचं.

उरलेलं सगळं पाहुण्यांचं. पाणी, लाकूड, स्लास्क, भांडी, केर. निघण्याआधी खोली झाडायची, लाकडाची पेटी भरून ठेवायची, पाण्याच्या बादल्या भरायच्या. म्हणजे रात्री भिजून येणाऱ्या पुढच्या माणसाला चूल पेटवायला लाकूड आणि चहाला पाणी मिळतं. तुम्ही आलात तेव्हा पेटी भरलेली होती, ती आदल्या माणसाने भरली होती. तो तुम्हाला कधी दिसणार नाही.

आणि या झोपड्यांचा आणखी एक रिवाज आहे. खाटा भरल्या तरी वादळातून आलेल्या माणसाला परत पाठवत नाहीत. जमिनीवर गादी टाकतात. हंगाम संपल्यावर झोपडी बंद होते तेव्हाही सहसा एक लहान खोली संकटात सापडलेल्यांसाठी उघडी ठेवतात. यामागे भाबडेपणा नाही. १९७८च्या फेब्रुवारीत येम्तलांड प्रांतातल्या अनारिसच्या डोंगरात नऊ जणांचा गट वादळात सापडला. त्यातले आठ गोठून मेले. या प्रदेशात छप्पर म्हणजे सोय नव्हे. छप्पर मिळालं नाही तर माणूस मरतो. वीस खाटांच्या घरात तीस माणसं शिरली आणि सांभाळायला एकच सत्तरीची बाई असली, तर ते घर टिकण्याचा एकच मार्ग उरतो. आत आलेल्या प्रत्येकाने हात लावायचा.

सेल्काच्या झोपडीत, चौथ्या मुक्कामाच्या सकाळी, आमच्यातल्या एकाने तिथल्या स्टुगवार्डला थोडे जास्तीचे क्रोनर देऊ केले. आम्हाला लवकर निघायचं होतं आणि खोली झाडायची राहिली होती. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. आपण असंच शिकलो आहोत, वेळ नसेल तर पैसे द्यावेत. बाई हसल्या आणि म्हणाल्या, "मग ते कोण करणार?"

उत्तर द्यायला आम्ही सगळे सुशिक्षित होतो, पण उत्तर नव्हतं. पैशाने काम नाहीसं होत नाही. ते दुसऱ्या कोणाकडे तरी सरकतं. आणि त्या सकाळी त्या झोपडीत तो दुसरा कोणी नव्हता. ज्याला आपण शिस्त म्हणतो ती एवढीच गोष्ट आहे. काम सरकवायला खाली कोणी नसणं.

*

आता रक्ताबद्दल. स्वीडिश माणसाच्या रक्तात आपलं काम आपण करणं आहे, हे स्वीडनच्या शंभर वर्षांपूर्वीच्या मोलकरणीला सांगितलं असतं तर तिला हसू फुटलं असतं. नोकराला वर्षभराच्या कराराने मालकाशी बांधून ठेवणारा कायदा या देशात १९२६पर्यंत होता. मोठ्या जमीनदारांकडे 'स्तातारे' म्हणून ओळखले जाणारे शेतमजूर होते. त्यांना मजुरी मुख्यतः धान्यात आणि दुधात मिळे, आणि नवरा कामाला लागला की बायकोने मालकाच्या गाई पिळायच्या हे कित्येकदा गृहीतच असे. ही पद्धत १९४५मध्ये संपली. घरकाम करणाऱ्या बायकांच्या तासांना मर्यादा घालणारा कायदा १९४४चा. कामगारांना भरपगारी दोन आठवड्यांची सुट्टी मिळाली ती १९३८मध्ये. त्याआधी या डोंगरात हिंडायला येत ते प्राध्यापक, अधिकारी आणि सुखवस्तू लोक. त्यांच्या पाठीवर कमी आणि हमालाच्या पाठीवर जास्त सामान असे. हमाल आणि वाटाडे बऱ्याचदा इथलेच सामी लोक असत.

म्हणजे स्लास्कची बादली पाहुण्याच्या हातात आली ती संस्कारांनी नव्हे. ती उचलणारे लोक संघटित झाले, त्यांनी कायदे करून घेतले, मजुरी वाढवून घेतली, आणि हळूहळू दुसऱ्याची बादली उचलायला स्वस्तात कोणी मिळेना. तेव्हा मालकांनी ती स्वतः उचलली. नंतर तिला संस्कृती म्हणायला लागले. मला यात काहीच गैर वाटत नाही. बहुतेक चांगल्या चालीरीती अशाच जन्मतात, आधी नाइलाज आणि मग अभिमान.

रक्तात असती तर ती गेलीही नसती. पण ती जाते आहे. १९९०च्या दशकात स्वीडनमध्ये एक मोठा वाद झाला. घरकामाला माणूस ठेवणाऱ्यांना करात सवलत द्यावी का? त्याला 'मोलकरणीचा वाद' असंच नाव पडलं. २००७मध्ये ती सवलत आली. आज स्टॉकहोमच्या मध्यमवर्गीय घरांत फरशी पुसायला येणारी बाई पुष्कळदा परदेशातून आलेली असते. त्याच घरातला माणूस ऑगस्टमध्ये कुंगस्लेडेनवर येऊन लाकडं फोडतो आणि साधेपणाबद्दल बोलतो. म्हणजे आमचा मजकूर फक्त मराठीत लिहिला जातो असं नाही.

*

आपल्याकडची हरकत मला पाठ आहे, कारण ती मीही घेतली आहे. 'आपल्याकडे लोकसंख्या आहे. कोणाला तरी रोजगार मिळतो. गडाच्या पायथ्याच्या गावात आपण जेवतो, राहतो, त्यावर त्या घराची चूल पेटते. स्वीडनची झोपडी इथे आणली तर गावाच्या पोटावर पाय येईल.'

ही हरकत अर्धी खरी आहे, म्हणून तिला उत्तर द्यायला हवं. पिठलं-भाकरीचे पैसे द्यावेत, घासाघीस न करता द्यावेत, त्यात काहीही कमीपणा नाही. स्वयंपाक हे कौशल्य आहे आणि त्याची किंमत असते. पण आपण ज्या घरी उतरतो तिथे एप्रिल-मे महिन्यात हंडा डोक्यावर घेऊन विहिरीवरून पाणी कोण आणतं ते बघावं. वीस जणांचा गट तिथे हात-पाय धुतो, ताटात हात धुतो आणि उठून जातो. आपण पैसे जेवणाचे देतो. पाण्याच्या खेपा, उष्ट्या ताटल्या, मागे टाकलेल्या बाटल्या हे सगळं त्या पैशात आपोआप आलं असं धरून चालतो. ते धरून चालणं हीच माझी तक्रार आहे. रोजगाराचा मुद्दा तिथे लागू होत नाही. कोणीही आपल्याला सांगितलेलं नसतं की ताटली स्वतः विसळली तर भाकरीचे पैसे बुडतील.

आणि हे आपल्याला अगदीच परकं होतं असंही नाही. मी ज्या गटाबरोबर पहिल्यांदा सह्याद्रीत हिंडलो तिथे स्टोव्ह पाठीवर असायचा, खिचडी सगळ्यांनी मिळून करायची आणि पातेलं मातीने घासायची पाळी लावलेली असायची. पाळी चुकवणाऱ्याचं नाव वर्षभर निघायचं. आता सहलीच्या जाहिरातीत 'चहा, नाश्ता, दोन वेळचं जेवण समाविष्ट' असं असतं आणि पातेल्याचा उल्लेख नसतो. आपण चाळीस वर्षांत झोपडीकडून हॉटेलकडे चालत आलो आणि वाटेत शिस्त कुठे पडली म्हणून शोधतो आहोत.

पण खरी अडचण याहून खोल आहे. आपल्या भाषेत खरकट्या पाण्याची बादली ही नुसती बादली नाही. ती कोणी उचलायची हे आपल्याकडे जन्मावर ठरलेलं होतं. माणसाची घाण माणसाकडून उचलवून घेण्यावर बंदी घालणारा कायदा भारतात १९९३मध्ये झाला, तो पुरला नाही म्हणून २०१३मध्ये दुसरा करावा लागला, आणि तरी गटारात उतरलेली माणसं गुदमरून मरतात ही बातमी आपण आजही वाचतो. ज्या समाजात हे काम विशिष्ट लोकांच्या अंगाला चिकटवलेलं आहे, तिथे इतरांचा हात त्या बादलीकडे जात नाही. त्याचं कारण आळस नव्हे. हात जात नाही, कारण ते 'आपलं' नाही हे लहानपणी न शिकवता शिकवलेलं असतं. मी चेक्त्याच्या बाकावर बसून कोणाची वाट बघत होतो, त्याचं उत्तर इथे आहे.

यावर आपल्याकडे एक उपाय करून पाहिला गेला. १९३२मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात अप्पासाहेब पटवर्धनांनी सफाईचं काम करू द्यावं म्हणून मागणी केली. ते ब्राह्मण होते, म्हणून तुरुंगाने नकार दिला. त्यांनी त्यासाठी अन्नत्याग केला आणि येरवड्यात असलेल्या गांधींनी त्यांना पाठिंबा म्हणून उपास केला. नव्वद वर्षांपूर्वी या महाराष्ट्रात एका माणसाला बादली उचलण्याच्या परवानगीसाठी उपाशी राहावं लागलं. याबद्दल मला अप्पासाहेबांचा आदर वाटतो आणि बाकी सगळ्याची लाज वाटते.

पण आंबेडकरांनी त्याच काळात दाखवून दिलेला धोकाही विसरता येत नाही. सफाईच्या कामाला पवित्र सेवा म्हणून गौरवणं म्हणजे ज्यांच्यावर ते जन्माने लादलं गेलं त्यांची क्रूर थट्टा आहे, असा त्यांच्या टीकेचा आशय होता. ज्याला सोडता येत नाही त्याला त्यागाचं कौतुक सांगायचं नसतं. मला झोपडीतली बादली महत्त्वाची वाटते ती इथे. तिथे ती उचलणं पुण्याचं नाही. कोणी ती व्रत म्हणून उचलत नाही, उचलणाऱ्याला कोणी हात जोडत नाही, त्याचा कोणी महात्मा करत नाही. आणि उचलणारा बाटतही नाही. बादली भरली, ज्याने बघितली त्याने नेली, हात धुतले, पत्ते खेळायला बसला. काम इतकं क्षुल्लक करून टाकणं हीच त्या झोपडीची कमाई आहे. आपण कामाला एकतर घाणेरडं करतो नाहीतर उदात्त. दोन्हीत एक गोष्ट समान आहे, ते काम दुसऱ्याचं राहतं.

*

इथवर वाचून कोणाला वाटेल की मी त्या झोपडीची आरती करतो आहे. तर तिची दुसरी बाजूही मांडायला हवी, नाहीतर माझ्यात आणि त्या मजकुरात फरक काय?

वाटेवरच्या मुक्कामांची नावं बघा. अबिस्कोयाउरे, आलेसयाउरे, चेक्त्या. ही नावं स्वीडिश नाहीत, सामी भाषेतून आलेली आहेत. 'याउरे' म्हणजे तळं. जिथे प्रत्येक तळ्याला, खिंडीला आणि ओढ्याला कोणीतरी नाव ठेवलेलं आहे, त्या प्रदेशाला माहितीपत्रकं 'युरोपातलं शेवटचं निर्जन अरण्य' म्हणतात. सामी लोक शतकानुशतकं इथे रेनडिअर पाळत आले आहेत. आलेसयाउरेच्या जवळ आजही त्यांची उन्हाळी वस्ती आहे आणि वाटेवरच्या काही तळ्यांवर तुम्हाला पलीकडे नेणारी नाव सामी माणसाची असते.

अबिस्कोपर्यंत रेल्वे आली ती १९०२च्या सुमारास, किरुनाचं लोहखनिज नॉर्वेच्या बंदराकडे न्यायला. १९०९मध्ये अबिस्को हे राष्ट्रीय उद्यान झालं. त्यानंतरची सालं पर्यटनाच्या इतिहासात सहसा सांगत नाहीत. १९१३च्या कायद्याने रेनडिअर पाळणाऱ्यांच्या मुलांसाठी वेगळ्या 'भटक्या शाळा' आल्या. त्यांना मुद्दाम कमी शिकवायचं, म्हणजे ती भटकीच राहतील, असं धोरण होतं. नॉर्वेशी १९१९मध्ये झालेल्या करारानंतर उत्तरेकडच्या सामी कुटुंबांना कळपांसह दक्षिणेकडे हलवलं गेलं, अनेकांना सक्तीने. १९२२मध्ये उप्सालात वंशजीवशास्त्राची सरकारी संस्था निघाली आणि तिची माणसं उत्तरेत येऊन सामी लोकांची डोकी मोजू लागली. ज्या उप्सालात पर्यटन संघ जन्मला, त्याच उप्सालात. २०२०मध्ये स्वीडनच्या सर्वोच्च न्यायालयाने गिर्यास नावाच्या सामी समुदायाच्या बाजूने निकाल दिला आणि त्यांच्या क्षेत्रात लहान शिकारीचे आणि मासेमारीचे परवाने देण्याचा अधिकार राज्याचा नसून त्यांचा आहे हे मान्य केलं. म्हणजे हा इतिहास संपलेला नाही.

स्वीडनमध्ये कोणालाही कोणाच्याही रानातून चालायचा, एखादी रात्र तंबू ठोकायचा हक्क आहे. त्याला 'अलेमान्सरेत्त' म्हणतात, सर्वांचा हक्क. १९९४पासून त्याला राज्यघटनेत स्थान आहे. मला हा हक्क मनापासून आवडतो. पण चालणाऱ्यांचा हक्क सगळ्यांना सहज मान्य झाला आणि तिथे राहणाऱ्यांना आपल्या हक्कासाठी न्यायालयात वर्षानुवर्षं भांडावं लागलं, हेही त्याच देशात घडलं. झोपडीतली समता पाहुण्यांमधली समता आहे. ती ज्या जमिनीवर उभी आहे तिचा हिशेब पेटीतल्या लाकडांत आणि बादल्यांत होत नाही.

म्हणून मी असं म्हणणार नाही की स्वीडनसारखं व्हा. स्वीडन हा माझ्या लेखाचा नायक नाही. एका खोलीत, एका रात्रीपुरती, काम वाटून घेण्याची एक पद्धत आहे आणि ती चालते, एवढंच मी बघितलं. ती चालायला चांगली माणसं लागत नाहीत. माझ्यासारखी चालतात, फक्त बाकावर बसून राहायची सोय नसली पाहिजे.

*

आता घरचं. आम्ही राहतो त्या शहरात मराठी मंडळ आहे, तसं परदेशातल्या बहुतेक शहरांत असतं. गणपतीला एका शाळेचं सभागृह भाड्याने घेतो. इथे सभागृह भाड्याने घेतलं की स्वच्छ करून परत द्यायचं असतं, स्वयंपाकघर आणि संडासांसकट. म्हणजे नियमाने तीही एक झोपडीच झाली. दर वर्षी आरतीनंतर महाप्रसाद होतो आणि मग सभागृहाचे दोन भाग पडतात. बाहेर पुरुष खुर्च्या रचतात, टेबलं घडी करतात, स्पीकरच्या वायरी गुंडाळतात. हे काम दिसतं, त्यात विनोद होतात, त्याचे फोटो निघतात. आत बायका पातेली घासतात, सिंकमध्ये अडकलेला भात हाताने काढतात आणि शेवटी कोणीतरी एक जण संडास पुसते. ती कोण होती हे मला पंधरा वर्षांत एकदाही माहीत नव्हतं. ट्रेकहून परतल्यावर विचारलं. बहुतेक वर्षी त्या वर्षी नव्याने आलेल्या कुटुंबातली सून असायची. तिला कोणी सांगायचं नाही. ती बघायची की कोणी करत नाहीये आणि करायची. म्हणजे बादली बघून उचलणारं माणूस आमच्याकडे होतं. बाकीच्यांनी तिच्याकडे बघितलं नव्हतं.

पुढच्या गणपतीत मी एक यादी केली. कामं एका बाजूला, नावं दुसऱ्या बाजूला, चिठ्ठ्या टाकून. स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवली. त्यावर जे ऐकून घेतलं ते असं: आपण काय हॉस्टेलमध्ये आहोत का? सणाच्या दिवशी हे कसं दिसतं? बायकांना आवडतं म्हणून त्या करतात. तू स्वीडिश झालास. ज्येष्ठ मंडळींची नावं यादीत कशी? शेवटच्या हरकतीवर मला सेल्काच्या बाई आठवल्या आणि मी विचारलं, "मग ते कोण करणार?" उत्तर आलं नाही, पण एक ज्येष्ठ काका उठले आणि फडकं घेऊन गेले. फार काही बोलले नाहीत. नंतर एवढंच म्हणाले, की लष्करात असताना रोज करायचो.

सगळं छान झालं असं नाही. संडासाच्या चार चिठ्ठ्यांपैकी तीन पुरुषांच्या नावे निघाल्या होत्या. त्यातल्या दोघांची कामं त्यांच्या बायकांनी केली. 'त्यांची पाठ दुखते' आणि 'ते सामान गाडीत ठेवतायत' अशी कारणं मिळाली. त्या दोघांपैकी एक जण म्हणजे केब्नेकाइसेच्या टेबलाशी बसून शिस्तीवर मजकूर लिहिणारा आमचा मित्र. तो माझा खरोखरच चांगला मित्र आहे आणि हा लेख त्याला आधी वाचायला दिला आहे. तो म्हणाला, "छाप, पण सांग की लाकडं सगळ्यात जास्त मी फोडली होती." सांगतो. फोडली होती.

तुम्ही पुढच्या वेळी कुठून तरी परत येऊन 'काय ती शिस्त' असं लिहायला बसाल, तेव्हा लिहिण्याआधी एवढंच आठवून बघा, की तिथे असताना नको असलेलं काम तुमच्या गटात कोणी केलं. नाव आठवलं तर ते लिहा. आठवलं नाही तर विचारा आणि मग लिहा.

यंदाच्या गणपतीची यादी तयार आहे. तिच्यात खाली एक ओळ वाढवली आहे. नाव ज्याचं, काम त्यानेच करायचं, घरात अदलाबदल चालणार नाही.